दूरस्थ भौतिकोपचार, वृद्धांसाठी (सोलापूर)

भौतिकोपचारतज्ज्ञाने, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘फिजिओ’ने, व्हिडिओ कॉलवर वृद्धाची हालचाल पाहून त्याला व्यायाम ठरवून देण्याची, समोर करून घेण्याची आणि अंगात बळ येईल तसा तो वाढवत नेण्याची पद्धत. घरी राहणारे, मुले पुण्याला किंवा बंगळुरूला गेल्यावर मागे उरलेले आणि वृद्धाश्रमातले अशा सर्व वृद्धांसाठी ती वापरता येते. व्यायामाची चित्रफीत पाठवून देणे म्हणजे दूरस्थ भौतिकोपचार नव्हे. समोरच्याचा पाय कसा पडतो हे तज्ज्ञाने त्या क्षणी पाहणे, हा या पद्धतीचा गाभा आहे.

म्हातारपणी स्नायू झिजतात आणि तोल सावरण्याचा वेग मंदावतो. त्यातून पडणे, पडण्यातून खुब्याचे हाड मोडणे आणि त्यातून अंथरूण धरणे, असा क्रम पुष्कळ घरांनी पाहिलेला असतो. हा क्रम बऱ्याच अंशी टाळता येतो. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१९ सालच्या आढाव्यात, स्वतःच्या घरी राहणाऱ्या वृद्धांमध्ये व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. तोलाच्या आणि रोजच्या कामासारख्या हालचालींचा त्यात मोठा वाटा होता. वृद्धाश्रमांबाबतचा पुरावा इतका ठाम नाही, कारण तेथील माणसे अधिक थकलेली व आजारी असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ वर्षांपुढील व्यक्तीने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि तोल व ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस करावेत. सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी चालणारे आजोबा यातला पहिला भाग पार पाडतात. दुसरा भाग बहुधा राहूनच जातो.

सोलापुरातल्या वृद्धांची शरीरे त्यांच्या धंद्याने घडवलेली आहेत. शहराच्या पूर्व भागातील हजारो स्त्रियांनी मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून, वर्षानुवर्षे विड्या वळल्या. त्यांच्या तक्रारी मानेच्या, कमरेच्या, गुडघ्यांच्या आणि बोटांच्या असतात. पण जमिनीवरून उठण्याची सवय त्यांच्या अंगात मुरलेली असते. म्हणून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येते, या नेहमीच्या चाचणीबरोबर त्यांची जमिनीवरची उठबसही पाहावी. त्यांचा खरा दिवस तिथेच जातो. यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या पुरुषांची अडचण वेगळी. मागांच्या खडखडाटाने अनेकांना कमी ऐकू येते. फोनच्या बारीक आवाजातली सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही; ते मान हलवतात आणि चुकीचा पाय उचलतात. अशा वेळी फिजिओने आधी स्वतः करून दाखवायचे, मग घरच्यांनी कानाशी सांगायचे, हाच मार्ग. शिवाय घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या आजींना मराठीतली सूचना कळली तरी अंगात उतरायला वेळ लागतो. नातवाने तीच सूचना त्यांच्या भाषेत सांगितली की फरक पडतो.

पहिली तपासणी मात्र प्रत्यक्षच झाली पाहिजे. सांधा हाताने हलवून पाहणे, स्नायूची ताकद हाताच्या विरोधाने तपासणे, बसून आणि उभे करून रक्तदाब घेणे, यांपैकी पहिली दोन पडद्यावरून होत नाहीत आणि तिसरे घरच्यांच्या भरवशावर राहते. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी (स्थापना १९६३) जोडलेल्या, ‘सिव्हिल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रुग्णालयात जिल्हाभरातून माणसे येतात. करमाळ्याहून किंवा सांगोल्याहून दुखरा गुडघा घेऊन एसटीने वारंवार येणे म्हाताऱ्या माणसाला परवडत नाही. एकदा तपासून घ्यावे आणि पुढचा पाठपुरावा फोनवर करावा, असा मेळ जिल्ह्याला सर्वांत उपयोगाचा आहे. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामात दूरस्थ पद्धत प्रत्यक्ष भेटींच्या तोडीची ठरल्याचे अनेक चाचण्यांत दिसले आहे.

कॉलची मांडणी साधी, पण काटेकोर लागते. फोन कमरेच्या उंचीवर डब्याला टेकवून बाजूने ठेवावा आणि पावले पडद्यात दिसली पाहिजेत. नऊवारीचा किंवा पातळाचा घोळ गुडघा झाकतो, म्हणून तो थोडा वर खोचायला सांगावे लागते. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकते. ती भिंतीला लावावी. सैल चप्पल पायात नको. गुडघ्याच्या व्यायामासाठी घरातलाच सोलापुरी टॉवेल घट्ट गुंडाळून गुडघ्याखाली ठेवतात आणि तो गुडघ्याने खाली दाबून ५ सेकंद धरायला सांगतात. मांडीचा पुढचा स्नायू आवळला गेला की नाही, हे पडद्यावर लगेच दिसते.

तोलाचा व्यायाम चालू असताना शेजारी हात देणारे कोणीतरी हवेच. पडणाऱ्या माणसाला फोन धरू शकत नाही. वृद्धाश्रमात हे काम मावशी किंवा मदतनीस करतात. कुठे उभे राहायचे, कंबरेला आधार कसा द्यायचा, दंड धरून का ओढायचे नाही, हे त्यांना शिकवलेले नसेल तर सगळी योजना कोलमडते. माझ्या मते दूरस्थ सेवेतला निम्मा वेळ या मावशींना शिकवण्यात जावा, आणि त्याचा मोबदलाही त्यांना मिळावा.

अनेक वृद्धांच्या लेखी फिजिओ म्हणजे शेक आणि ‘करंट’. मशीन लावले नाही तर उपचारच झाला नाही, असे त्यांना वाटते. शेकाने दुखणे काही काळ शमते. ताकद आणि तोल मात्र व्यायामानेच येतात आणि व्यायाम सुटला की ओसरतात. हे पहिल्याच भेटीत समजावून सांगितले नाही, तर कॉल हळूहळू बंद होतात.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० अंशांवर जातो. तेव्हा व्यायाम सकाळी लवकर घ्यावा आणि पाण्याची आठवण ठेवावी. रक्तदाबाची किंवा लघवीची गोळी घेणाऱ्यांना एकदम उठल्यावर भोवळ येऊ शकते.

भारतात दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे २५ मार्च २०२० रोजी आली. ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. भौतिकोपचार २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोग कायद्याखाली येतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळी रांग आणि खाटांची तरतूद आहे.

व्यायामात छातीत दुखले, दम लागून बोलता येईना किंवा भोवळ आली, तर तिथेच थांबून डॉक्टरांना कळवावे. एका बाजूचा हात-पाय एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर फिजिओच्या कॉलची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.