सावंतवाडीची लाकडी खेळणी

सावंतवाडीची लाकडी खेळणी : सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी या पूर्वीच्या संस्थानी गावी तयार होणारी लाखकामाची व रंगकामाची खेळणी आणि त्यांच्याच जोडीने घडवली जाणारी लाकडी फळे, पाट, चौरंग, देव्हारे इत्यादी वस्तू. हे काम परंपरेने चितारी समाजाकडे असून चितारआळी ही या मालाची मुख्य पेठ होय. भोवरे, खुळखुळे, पांगुळगाडे, बैलगाड्या, ठकी (लाकडी बाहुली), सोंगट्या आणि भातुकलीचे संच ही येथील ठळक खेळणी.

उगम : या कलेचा आरंभ तिसरे खेम सावंत (कार. १७५५–१८०३) यांच्या दरबाराशी जोडण्याची प्रथा आहे. तेलंगणातून शास्त्रार्थासाठी आलेल्या पंडितांनी दरबारात गंजिफा हा पत्त्यांचा खेळ आणला, राजाला तो आवडला आणि स्थानिक चिताऱ्यांनी ते पत्ते रंगवायला घेतले, अशी ही परंपरा. लोकप्रिय लेखनात तिचा विस्तार खेळण्यांपर्यंत केला जातो व सगळ्याच कामाचे वय अडीचशे वर्षे धरले जाते. हा विस्तार स्वीकारणे कठीण आहे. लाकूड, लाख आणि रंग यांत हात बसलेले कारागीर गावात आधीच होते, असे ही परंपराच गृहीत धरते. शिवाय दोन्ही कामांचे तंत्र निराळे आहे. गंजिफाचा गोल पत्ता कागदाचे वा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, घोटून, रंगवून आणि लाखेचा हात देऊन होतो. त्याला कात, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून आकार देण्याचे यंत्र, लागत नाही. भोवरा कातेवाचून होत नाही. गंजिफाचा भारतातील इतिहासही सावंतवाडीपेक्षा बराच जुना आहे. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफाचे पत्ते पाठवल्याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि दहा रंगांचा, प्रत्येकी बारा पत्त्यांचा म्हणजे १२० पानांचा दशावतारी प्रकार हे त्या खेळाचे पुढचे भारतीय रूप मानले जाते. तेव्हा पत्त्यांचा इतिहास आणि खेळण्यांचा इतिहास वेगळा ठेवणे अधिक सयुक्तिक ठरते.

दुसऱ्या मतानुसार चितारी गोमंतक व कारवारकडून उत्तरेला सरकले. दक्षिण गोव्यात कुंकळ्ळी येथे याच नावाचे कारागीर असून त्यांचे कातीव लाखकाम सावंतवाडीच्या कामाशी मिळतेजुळते आहे, ही या मताची बळकट बाजू. काहीजण या स्थलांतराचे कारण सोळाव्या शतकातील पोर्तुगीज धर्मांतरांत शोधतात; मात्र त्याचा आधार मुख्यतः अनुमानाचा आहे. किनाऱ्यावरील गावांचे व्यापार, देवस्थाने आणि सोयरिकी यांतून एकमेकांशी जुने दळणवळण असल्याने एकदम उठून येण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने झालेली हालचाल अधिक संभवनीय वाटते. राजाश्रयाच्या कथेबाबत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कर्नाटकातील चन्नपट्टण येथील खेळण्यांचा उगमही टिपू सुलतानाने आणवलेल्या इराणी कारागिरांकडे नेला जातो. आश्रयदात्याचे नाव टिकते आणि हळूहळू तोच कलेचा जनक ठरतो, असे हस्तकलांच्या इतिहासात वारंवार घडलेले दिसते. छापील आधारांपैकी इंपीरियल गॅझेटियरच्या १९०८च्या आवृत्तीतील सावंतवाडीवरील नोंद महत्त्वाची आहे. जरीकाम, भुंगेऱ्यांच्या पंखांनी सजवलेले खसाचे पंखे व पेट्या, गव्याच्या आणि म्हशीच्या शिंगांच्या वस्तू यांच्याबरोबर लाखेची खेळणी व खेळण्याचे पत्ते हा संस्थानातील प्रमुख माल म्हणून तीत नोंदला आहे.

तंत्र : ‘सावंतवाडीची खेळणी’ या एका नावाखाली दोन स्वतंत्र रीती येतात. पहिली कातीव लाखकामाची. लाकडाचा सुकवलेला ठोकळा कातेवर चढवून पटाशीने आकार देतात. पूर्वी एकजण दोरीने कात फिरवी व दुसरा हत्यार धरी. आता विजेची मोटर असते. लाख तापवून तीत रंग कालवतात व तिच्या कांड्या वळून ठेवतात. वस्तू वेगाने फिरत असताना कांडी तिच्यावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडाला धरते. मग केवड्याचे पान दुमडून त्यावर दाबतात. त्याने थर सारखा पसरतो आणि चकाकी येते. यात कुंचला नाही, वाळवणही नाही. कातेवरून उतरलेला भोवरा लगेच हाती घेता येतो. भोवऱ्यावरच्या बारीक रंगीत वळ्या कांडीची नुसती कड टेकवून उठवलेल्या असतात. नंतर खाली लोखंडी आर ठोकली व जाळी (फिरवण्याची दोरी) गुंडाळली की भोवरा फिरायला तयार. लाख हा किड्यांपासून मिळणारा पदार्थ कोकणातला नव्हे. ती मुख्यतः झारखंड व छत्तीसगडच्या जंगलपट्ट्यांतून येते. लाकूड मात्र आसपासचेच.

ज्या वस्तू कातेवर फिरू शकत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरी रीत. फळे, ठकी, बैलगाडीचे बैल हे कोरून, घासून, अस्तर देऊन रंगवतात. फळांसाठी पांगारा पसंत केला जातो, कारण तो हलका व मऊ असून चाकूला सहज वळतो. पण तो नीट वाळवला नाही तर भुंगा लागतो. पाट-चौरंगांसाठी फणस, आंबा असे भारी लाकूड घेतात. आंबा, केळ्याची फणी, कारले, मिरची, सीताफळ ही फळे-भाज्या सर्वपरिचित आहेत. त्यांत काजूचे बोंड विशेष पाहण्याजोगे : पिवळ्यातून तांबड्यात उतरत जाणारी छटा, देठाकडचा किंचित चेपलेला भाग आणि खाली चिकटलेली करडी बी, तिच्या बाकासकट. ज्याने काजू झाडावर पाहिला आहे अशाच हाताचे हे काम आहे.

वापर व आकर्षण : ही खेळणी टिकून राहिली त्याचे श्रेय बहुधा मोठ्यांच्या आठवणींना दिले जाते. गणपती, शिमगा आणि मे महिन्यात गावी येणारे चाकरमानी ती मुंबईच्या घरांत नेतात हे खरे. पण ज्या मुलाला कसलीच आठवण नाही तेही भोवऱ्यापाशी रमते, हे या स्पष्टीकरणात बसत नाही. भोवरा आपण होऊन काही करत नाही. जाळी किती ताणायची, हात केव्हा मागे ओढायचा, हे साधेपर्यंत तो आडवा पडतो. साधले की त्याच वस्तूतून नवे खेळ निघतात. भातुकलीची गोष्ट वेगळी. जाते, पाटा-वरवंटा, चूल, घागर, विळी असे घरातले काम लहान आकारात मुलाच्या हाती येते. आज बहुतेक घरांतून जाते गेले आहे, आणि अनेक मुलांना ते प्रथम भातुकलीतच भेटते. फिरवून दाखवायला घरातल्या आजीला बोलवावे लागते, आणि खेळात दोन पिढ्या बसतात. भातुकली आणि लाकडी फळे रुखवतातही मांडली जात असल्याने हा माल केवळ मुलांवर अवलंबून राहिला नाही. ज्या हातांनी खुळखुळा केला त्याच हातांनी देव्हारा आणि पाट केले, आणि लग्नसराई व सणांनी खेळण्यांचा धंदा सांभाळला. टिकण्याचे हे कारण सहसा सांगितले जात नाही. प्रस्तुत नोंदकारास ते सर्वांत महत्त्वाचे वाटते.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : छापील पत्ते आणि पुढे प्लॅस्टिक यांमुळे विसाव्या शतकात काम आटले. गंजिफा रंगवणारे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध चिताऱ्यांकडून ती कला शिकून घेतली आणि राजवाड्यात कार्यशाळा सुरू केली. तिथे पत्त्यांबरोबर लाखकामाच्या इतर वस्तूही होऊ लागल्या. कोकण रेल्वेने १९९८ पासून बाहेरचे गिऱ्हाईक जवळ आणले. उलट झाराप–पत्रादेवी बाह्यवळणामुळे गोव्याकडे जाणारी वाहने गावाबाहेरून जाऊ लागली.

१ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. एकेका आकाराची चाचणी करून घेणे छोट्या कारागिराला परवडणारे नव्हते. विकास आयुक्त (हस्तव्यवसाय) यांच्याकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्यांना त्यातून सूट देण्यात आली, हे योग्यच झाले. येथील गंजिफा व लाकडी वस्तूंना अलीकडे असे मानांकन मिळाले आहे. मात्र मानांकनाने नाव राखले जाते, लाख राखली जातेच असे नाही. वेळ वाचतो म्हणून कातीव वस्तूंवरही तयार तेलरंग वा फवारा मारलेला माल पेठेत मिसळलेला असतो. तान्ह्या मुलासाठी खुळखुळा घेताना हा फरक पाहणे अगत्याचे आहे : लाखेच्या थरावर कुंचल्याच्या रेघा वा ओघळ नसतात, रंगाची वळी काठाला स्वच्छ तुटते, आणि उजेडात तिरपे धरल्यास कातेच्या फिरण्याच्या अगदी बारीक गोल खुणा दिसतात.