पोलिसांना दिलेला जबाब आणि कोर्टातली साक्ष, एकच समजू नका

घरी समन्स आलं की माणूस पहिलं हेच म्हणतो, "अहो पण मी तर पोलीस स्टेशनला सगळं सांगून आलोय, परत कशाला?" मीपण हेच म्हणालो होतो, पार्किंगमधल्या गाडीचोरीची केस होती, तीन वर्षांनी समन्स आलं.

तर जबाब म्हणजे तपास चालू असताना पोलीस लिहून घेतात तो, आता बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 180, 1 जुलै 2024 च्या आधी सीआरपीसीचं (जुना प्रक्रिया कायदा) 161. त्याला शपथ नसते, आरोपीचा वकील समोर नसतो, आणि तुम्ही "तो पळाला" म्हणालात तरी कागदावर "सदर इसम पळून गेला" असंच उमटतं. आणि या जबाबावर तुमची सही घ्यायचीच नसते, कायद्यातच तसं आहे. सही लागते ती फिर्यादीवर म्हणजे एफआयआरवर, तिची कॉपी फिर्यादीला फुकट मिळते.

साक्ष मात्र शपथेवर, जजसमोर, आणि बहुतेक वेळा आरोपी तिथेच उभा. आधी सरकारी वकील सरतपास घेतात, म्हणजे साक्षीदाराला पहिले प्रश्न तेच विचारतात, ते "काय झालं ते सांगा" असंच विचारणार, "हाच माणूस होता ना?" असं उत्तर तोंडात घालता येत नाही त्यांना. आरोपीच्या वकिलाला उलटतपासात ते चालतं, आणि तिथेच तुमचा तो जुना जबाब बाहेर निघतो. कारण जबाब हा स्वतः पुरावा नसतो, तो मुख्यतः तुमची साक्ष खोडायला वापरतात. म्हणजे आज तुम्ही लाल शर्ट म्हणालात आणि जबाबात शर्टाचा उल्लेखच नाही, की झालं, त्याच्यावरच दहा मिनिटं. खरंच सांगितलं असेल तर सरळ म्हणायचं, मी सांगितलं होतं, पोलिसांनी का लिहिलं नाही ते मी सांगू शकत नाही. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं, त्यात लाज कसली. जबाब पाठ करून जाणारे उलट जास्त अडकतात, आणि शपथेवर मुद्दाम खोटं बोललं तर 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

काही केसेसमधे, विशेषतः लैंगिक गुन्ह्यांत, मॅजिस्ट्रेटसमोरही जबाब होतो (कलम 183), तो शपथेवर असतो म्हणून लोकांना वाटतं झाली साक्ष. नाही झाली, उलटतपास झालेला नसतो ना, परत यावंच लागतं. बलात्काराच्या केसमधे मात्र सुनावणी बंद दाराआड होते, आणि पोक्सोत (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) मुलाला वकील थेट प्रश्न विचारत नाहीत, जजच्या मार्फत विचारतात, शिवाय साक्षीच्या वेळी आरोपी मुलाच्या नजरेला पडणार नाही ही काळजी कोर्टाने घ्यायची असते.

बाकी तुम्हाला स्वतःचा वकील लागत नाही. सकाळी पोचलात की पैरवीच्या पोलिसाला (कोर्टात केसचं काम बघणारा पोलीस) भेटा, आरोपीचे लोक कॉरिडॉरमधे दमदाटी करत असतील तर तेही त्यालाच आणि सरकारी वकिलांना लगेच सांगा. मग बसा, पुकारा होईपर्यंत, डबा असलेला बरा. साक्ष टाईप झाल्यावर वाचून दाखवतात तेव्हा "हो हो" करू नका, चुकलं असेल तर तिथल्या तिथे सांगा. आणि दिवसभर बसून तारीख पडली तरी जाण्यायेण्याचा साक्षीदार भत्ता मागा, तो मिळण्याची सोय आहे, मला दुसऱ्या फेरीत कळलं.