किरणोपचारासाठी बालकांना दिली जाणारी भूल

कर्करोगावरील किरणोपचाराच्या वेळी लहान मूल निश्चल राहावे म्हणून प्रत्येक सत्रास दिली जाणारी अल्पकालीन भूल. किरणोपचाराला बोलीत ‘शेक’ म्हणत असले, तरी त्यात ना ऊब जाणवते ना वेदना. भूल लागते ती मूल हलू नये म्हणून. तीन वर्षांखालील बहुतेक मुलांना ती द्यावी लागते; सात-आठ वर्षांपुढची बरीच मुले आधी खेळातून सराव करून घेतल्यास भुलीविना पडून राहतात.

पूर्वी क्लोरल हायड्रेट व केटामीन वापरत. केटामीनने लाळ वाढते आणि बुबुळे हलत राहतात. दृष्टिपटलाच्या अर्बुदावर (डोळ्यातील कर्करोगाच्या गाठीवर) किरण सोडताना हे चालत नाही. आता प्रोपोफॉलला पसंती आहे. मुलाचा श्वास त्याचा त्यालाच चालू ठेवता येतो आणि जागही लवकर येते. मात्र हे दुधाळ औषध स्निग्ध असल्याने त्यात जंतू झपाट्याने वाढतात. औषध रोज त्याच मध्यवर्ती शिरेतल्या नळीतून जाते आणि पांढऱ्या पेशी कमी झालेल्या मुलास रक्तात जंतुसंसर्ग होण्याचा धोका मोठा असतो.

डोक्याच्या उपचारासाठी गरम पाण्यात मऊ होणाऱ्या जाळीदार प्लॅस्टिकचा मुखवटा चेहऱ्यावर बसवून टेबलाला जखडतात. एकदा तो बसला की हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा करता येत नाही. त्यामुळे मुखवटा घडवतानाच मान व जबडा योग्य स्थितीत आहेत ना, हे भूलतज्ज्ञाला पाहून घ्यावे लागते. त्या दिवशीची चूक पुढे महिनाभर पुरते. किरण चालू असताना खोलीत कोणी थांबत नाही. भूलतज्ज्ञ बाहेरच्या पडद्यावर छातीची हालचाल व उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइडची लाट पाहतो. लाट सपाट झाली, तर किरण थांबवणे, जाड दार उघडणे, वळणाच्या बोळातून आत जाणे आणि मुखवट्याच्या खिट्ट्या काढणे इतके सगळे सेकंदांत उरकावे लागते. मेंदूतील गाठीमुळे दाब वाढला असेल, तर श्वास मंदावणेही घातक ठरते, कारण साचलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडने तो दाब आणखी वाढतो. छातीच्या मध्यभागी मोठी गाठ असलेल्या मुलास उताणे झोपवून भूल देणे, ही यातली सर्वांत अवघड परिस्थिती होय. तिथे श्वासनलिका गाठीखाली दबू शकते.

अमेरिकेतील सेंट ज्यूड रुग्णालयाने २००४ ते २००६ मधील ३,८३३ वेळा दिलेल्या भुलीचा आढावा घेतला. त्यात गुंतागुंत सु. १.३ टक्के आढळली. हा दर प्रत्येक भुलीमागे आहे, प्रत्येक मुलामागे नव्हे. एकेका मुलास आठवड्यातून पाच दिवस, कधी सहा आठवडे भूल मिळते, हे असे आकडे वाचताना बहुधा निसटते. रोजच्या उपाशी राहण्याने वजन घटते. सर्दी झाली तर स्वरयंत्र आवळण्याची भीती असते, पण नेहमीच्या शस्त्रक्रियेसारखे ‘दोन आठवड्यांनी या’ म्हणता येत नाही. मेड्युलोब्लास्टोमात (मुलांच्या मेंदूतील एका कर्करोगात) किरणोपचार लांबला की जगण्याची शक्यता घटते, असे दिसून आले आहे.

वारंवारच्या भुलीने वाढत्या मेंदूस इजा होते का, हा वादाचा विषय आहे. २००३ मध्ये उंदरांच्या पिलांवरील प्रयोगात मेंदूतील पेशी नष्ट झाल्याचे दिसले. २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तीन वर्षांखालील मुलांत दीर्घ किंवा वारंवार भुलीविषयी इशारा दिला. उलट, तान्ह्या मुलांतील हर्नियाच्या शस्त्रक्रियांवरील ‘गॅस’ (संपूर्ण भूल व जागेपणी दिलेली कण्यातील भूल यांची तुलना करणाऱ्या) चाचणीत (२०१९) तासाभराच्या आतल्या एकाच भुलीने पाच वर्षांच्या वयातील बुद्ध्यंकात फरक आढळला नाही. परंतु एका भुलीवरून तीस भुलींचा निष्कर्ष काढणे धाडसाचेच. शिवाय मेंदूवरील किरण, रसायनोपचार व खुद्द गाठ यांचा परिणाम भुलीपासून वेगळा काढणे जवळजवळ अशक्य आहे. उपलब्ध पुरावा पाहता भुलीच्या धास्तीने किरणोपचार लांबवू नये, हे मत अधिक ग्राह्य वाटते. भूल टाळता येईल तिथे टाळावी, याबद्दल मात्र दुमत नाही.