स्यूडोमोनास एरुजिनोसा

माती, पाणी आणि ओलसर जागा यांत सर्वत्र आढळणारा एक संधिसाधू जिवाणू. धडधाकट माणसाच्या तो सहसा वाटेला जात नाही. मात्र भाजलेली कातडी, व्हेंटिलेटर वा कॅथेटर लावलेला रुग्ण, केमोथेरपीने घटलेल्या पांढऱ्या पेशी किंवा सिस्टिक फायब्रोसिसने (फुप्फुसात घट्ट कफ साठवणाऱ्या आनुवंशिक आजाराने) बाधित फुप्फुस मिळाले की गंभीर संसर्ग घडवतो. 1882 मध्ये फ्रान्समधील कार्ल गेसार यांनी जखमांच्या पट्ट्यांवरील निळ्या-हिरव्या पुवातून तो वेगळा केला.

हा ग्रॅम-ऋण (ग्रॅम रंजनात गुलाबी दिसणारा), दंडाकार जिवाणू एका टोकाच्या कशाभिकेच्या, म्हणजे शेपटीसारख्या तंतूच्या, साहाय्याने पोहतो. तो ऑक्सिजनवर जगतो, पण ऑक्सिजन नसल्यास नायट्रेटवरही भागवतो. त्याच्या गरजा इतक्या थोड्या, की रुग्णालयातील सिंकचा निचरा किंवा ह्युमिडिफायरमधले पाणीही त्याला पुरते.

प्रयोगशाळेत त्याची चाहूल बहुधा डोळ्यांना आणि नाकाला लागते. मॅक्कॉन्की अगारवर (जिवाणू वाढवण्याच्या एका माध्यमावर) त्याच्या वसाहती रंगहीन राहतात, कारण तो लॅक्टोज ही दुधातली साखर आंबवत नाही. न्यूट्रिएंट अगारवर मात्र रंग वसाहतीपुरता न थांबता आजूबाजूच्या माध्यमातही झिरपतो आणि सगळी प्लेट निळसर-हिरवी दिसू लागते. हा निळा रंग पायोसायनिनचा; पायोव्हर्डिन हे पिवळट-हिरवे रंगद्रव्य अतिनील प्रकाशात चमकते. प्लेटला पिकल्या द्राक्षांसारखा गोडसर वास येतो (मुद्दाम हुंगून पाहणे मात्र सुरक्षित नाही). ऑक्सिडेज या विकराची चाचणी होकारात्मक येते. स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स आणि पुटिडा या भावंडांपासून वेगळा ओळखायला 42 अंश सेल्सिअसला होणारी वाढ उपयोगी पडते. काही वाण रंगच तयार करत नाहीत, म्हणून केवळ रंगावर विसंबू नये. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांकडून येणाऱ्या वसाहती तर अल्जिनेट या शर्करायुक्त पदार्थामुळे चिकट, बुळबुळीत असतात. आता अनेक ठिकाणी माल्डी-टॉफ हे प्रथिनांच्या वजनावरून जिवाणू ओळखणारे यंत्र काही मिनिटांत ओळख पटवते.

थुंकीत वा जखमेच्या स्वॅबमध्ये हा जिवाणू सापडला म्हणजे आजार त्याचाच, असे नव्हे. तो नुसता वस्तीला आलेला असू शकतो. ताप, पू, क्ष-किरण चित्र यांच्याशी ताळा घातल्याशिवाय उपचार ठरवू नयेत. रक्तात सापडला तर मात्र वाट पाहायला सवड नसते.

अँपिसिलिन, सेफ्ट्रायॅक्सोन यांना तो मुळातच दाद देत नाही: बाह्य आवरणातून औषध आत शिरणे अवघड, आणि शिरलेले औषध पेशीतील पंप बाहेर फेकतात. सेफ्टाझिडिम, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, मेरोपेनेम, अमिकासिन ही नेहमीची औषधे, पण तीही संवेदनशीलता तपासूनच द्यावी लागतात. 2022-23 मध्ये अमेरिकेत दूषित कृत्रिम अश्रूंमधून (डोळ्यांत घालायच्या थेंबांमधून) कार्बापेनेमला, म्हणजे मेरोपेनेमच्या गटातील औषधांना, न जुमानणारा वाण पसरला. काहींची दृष्टी गेली, 4 जण दगावले.