बालवयातील स्थूलता आणि मेदाम्लांचा चयापचय

तेल, तूप, दूध, दाणे यांतील मेदाम्ले (मेदाचे मूळ घटक) शरीर कशी साठवते आणि कशी जाळते, यावर लहान मुलांतील स्थूलतेचे धोके बरेचसे अवलंबून असतात. नुसत्या वजनावरून ते कळत नाहीत. पाच वर्षांखालील मुलाचे उंचीच्या मानाने वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या मध्यकापेक्षा (मधल्या मूल्यापेक्षा) तीन प्रमाण विचलनांनी (मुलामुलांतील नेहमीचा फरक मोजण्याचे माप) जास्त असेल तर ते मूल स्थूल, दोनपेक्षा जास्त असेल तर अतिवजनी मानतात. भारतात या वयातील अतिवजनी मुलांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत 2.1 टक्के होते, ते पाचव्या फेरीत (2019–21) 3.4 टक्के झाले.

जेवणानंतर इन्सुलिन वाढते आणि मेदपेशी मेद साठवतात. पोट रिकामे झाले, मूल खेळू लागले की इन्सुलिन उतरते, मेदाम्ले रक्तात येतात आणि कार्निटीन या वाहक रेणूच्या मदतीने पेशींतील तंतुकणिकांत (ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म घटकांत) शिरून तिथे जळतात. दिवसभर काही ना काही गोड तोंडात असेल, तर यकृत जादा साखरेपासून मेदाम्ले बनवू लागते. त्या वाटेवर तयार होणारे मॅलोनिल-कोए हे रसायन कार्निटीनचा मार्गच अडवते. म्हणजे साखर मेद वाढवते आणि त्याचे ज्वलनही रोखते. अशा मुलांच्या रक्तात पामिटोलेइक आम्ल (यकृतात बनणारे एक मेदाम्ल) व ट्रायग्लिसराइड (रक्तातील मेद) वाढलेली, तर एचडीएल हे उपकारक कोलेस्टेरॉल घटलेले आढळते. पुढे यकृतात मेद साचणे, रक्तदाब वाढणे, झोपेत श्वास अडखळणे, कुमारवयातच टाइप 2 मधुमेह होणे हे धोके संभवतात. मानेवर व काखेत काळपट, मखमली पट्टा दिसतो. घरचे तो मळ समजून घासत बसतात. बहुधा ती इन्सुलिनला न जुमानणाऱ्या शरीराची खूण असते.

भारतीय बाळांची गोष्ट थोडी वेगळी आहे. मधुमेह संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुण्यातील अभ्यासात ग्रामीण नवजातांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो भरले. पुण्याकडची बाळे स्नायूंनी बारीक होती, त्वचेखालील मेद मात्र त्यामानाने टिकून होता. त्यामुळे कमी वजनाच्या बाळाला खाऊ घालून झटपट ‘भरवण्या’ची हौस जपूनच करावी.

नागपुरात संत्र्याला तोटा नाही. मुलाने फोडी सोलून खाल्ल्या तर चोथ्यामुळे पोट भरते. पेलाभर रसात तीन-चार संत्र्यांची साखर जाते आणि भूक तशीच राहते. संत्रा बर्फी तर मिठाईच, तिला फळ म्हणू नये. उलट विदर्भात चटणीला लागणारे आणि एकेकाळी सावजी रश्श्यालाही ज्याचे तेल चाले ते जवस गुणाचे आहे: त्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास आल्फा-लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-3 मेदाम्ल असते, आणि ते शरीराला स्वतः बनवता येत नाही. वनस्पती तुपातील ट्रान्स मेदाम्लांवर (हृदयाला अपायकारक मेदाम्ले) 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आहे. पण तेच तेल कढईत पुन्हापुन्हा तापवणाऱ्या ठेल्यावर ती कोण मोजणार?

एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा खेळ पहाटे किंवा दिवेलागणीनंतरच जमतो. मधल्या वेळी कूलरसमोर मोबाइल आणि पुडा. दोन वर्षांखालील मुलाचे दूध-तूप मात्र तोडू नये, मेंदूच्या वाढीला मेद लागतोच. आईच्या दुधातील जवळपास निम्मी ऊर्जा मेदातून येते. त्यापुढच्या वयातही स्थूल मुलाचे सहसा वजन उतरवत नाहीत. ते आहे तिथे थांबवून उंची वाढू देतात.