पाच स्पीकर, दोन कान आणि चिऱ्याची खोली

परसात झावळी पडली की पडवीत बसलेल्या माणसाला मान न वळवता कळतं, ती विहिरीच्या बाजूला पडली की गोठ्याच्या. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो. डाव्या कानाला तो जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा मिळतो, आणि मेंदूला तेवढा फरक पुरतो. साधारण १५०० हर्ट्झच्या वरच्या सुरांना डोकंच आडवं येतं, त्यामुळे पलीकडच्या कानाला ते दबलेले ऐकू येतात. वेळेचा आणि जोराचा हा दुहेरी हिशेब इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांनी १९०७ साली मांडला.

या हिशेबात एक पळवाट आहे. नाकासमोरचा आवाज आणि बरोबर पाठीमागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी, सारख्याच जोरानं पोचतात. मग पुढचं-मागचं कसं ठरतं? कानाच्या पाळीच्या वळ्यांमुळे चढे सूर थोडे बदलतात, आणि आपण नकळत मान हलवतो, त्यावरून. समोरचे दोन स्पीकर आवाज डावीकडून उजवीकडे मस्त फिरवतात, पण पाठीमागे काही उभं करायचं तर मागे खरोखरचा स्पीकर लागतो. सराउंडची, म्हणजे चहूबाजूंनी आवाज देणाऱ्या संचाची, गरज आहे ती एवढीच. गाणी बहुतेक डावी आणि उजवी अशा दोन वाहिन्यांतच ध्वनिमुद्रित होतात. दशावताराचं रेकॉर्डिंग ऐकायचं तर पेटी, पखवाज, झांज सगळं समोरच वाजत असतं, तिथे मागचे स्पीकर काय करणार? ज्याला सिनेमा बघायचाय किंवा गेम खेळायचाय, त्यानं ५.१ चा (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) विचार करावा. बाकीच्यांनी त्याच पैशात दोन चांगले स्पीकर घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाजारात खोक्यावर ‘५.१’ छापलेले बरेच स्वस्त संच मिळतात. त्यांना ब्लूटूथ असतं, पेन ड्राइव्हची जागा असते, एफएम असतो. नसतात त्या पाच स्वतंत्र वाहिन्या. नेहमीच्या ब्लूटूथवरून दोनच वाहिन्या येतात आणि संच त्याच पाचही स्पीकरना वाटून देतो. खोकं उलटं करून पाठीमागची भोकं बघा. संगणकाकडून येणाऱ्या तीन पिना लागत असतील (हिरवी पुढच्यांची, काळी मागच्यांची, नारिंगी मधल्याची आणि सबवूफरची) तर संच खरा. लॅपटॉपला एकच भोक असतं, त्याला यूएसबीवर चालणारं बाहेरचं साउंड कार्ड जोडावं लागतं. एचडीएमआय घेणारा ॲम्प्लिफायर असेल तर प्रश्नच मिटला. आणि वॅटचे आकडे वाचताना ‘आरएमएस’ (सतत मिळणारी ताकद) तेवढा वाचा. ‘पीएमपीओ’चा (क्षणभराच्या कमाल ताकदीचा) आकडा फक्त शोभेचा.

मांडणीला टेप लागतो. पुढचे दोन स्पीकर एकमेकांपासून जेवढे लांब, तेवढेच तुमच्यापासून लांब ठेवा, म्हणजे प्रत्येक जण नाकाच्या रेषेपासून ३० अंशांवर येतो. मधला स्क्रीनच्या खाली किंवा वर. मागचे थेट पाठीशी नकोत. १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे. इथेच घोडं अडतं. संगणकाचं टेबल भिंतीला लावलेलं, मागे कॉट, बाजूला माजघराचं दार. मग मागचा एक स्पीकर खिडकीत आणि दुसरा कपाटावर जातो. आवाज मिलिसेकंदाला सुमारे ३५ सेंटिमीटर जातो. पुढचे स्पीकर एक मीटरवर आणि मागचा साठ सेंटिमीटरवर असेल, तर मागचा एक मिलिसेकंदाहून जास्त आधी पोचतो, आणि आधी पोचणाऱ्याकडेच कान ओढला जातो. अंतर सारखं करता येत नसेल तर ॲम्प्लिफायरच्या सेटिंगमध्ये खरं अंतर भरा, नाहीतर मागच्यांचा आवाज सरळ उतरवा.

सबवूफरचं तंत्र वेगळं. ८० हर्ट्झची एक लाट चार मीटरहून लांब असते. तिची दिशा कानाला धड लागत नाही, म्हणून तो टेबलाखाली, कोपऱ्यात, कुठेही चालतो. पण खोलीला तो कुठेही चालत नाही. दहा फुटांच्या गिलावा केलेल्या, स्लॅबच्या खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५७ हर्ट्झचा सूर अडकून घुमतो. भिंतीलगत तो फुगतो, खोलीच्या मध्यावर जवळजवळ गायब होतो. उपाय फुकट आहे: सबवूफर थोडा वेळ तुमच्या खुर्चीवर ठेवा, खर्जाचं काहीतरी लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेनं वाकून फिरा. जिथे खर्ज स्वच्छ ऐकू येईल, ती त्याची जागा.

जुन्या कौलारू घरात हे दुखणं कमी. छप्पर उतरतं असल्यानं ते जमिनीला समांतर नसतं आणि कौलांच्या फटींतून आवाज बाहेर निसटतो (शेजाऱ्यांना विचारा!). स्लॅबच्या घरात मागच्या भिंतीवर जाड गोधडी टांगा, भिंतीपासून चार बोटं सोडून. चढे सूर ती गिळते. त्या ५७ हर्ट्झवर मात्र तिचा काही इलाज नाही. सहा मीटरची लाट गोधडीला कशाला जुमानेल?

खाऱ्या हवेचा विचार दुकानातच करावा. स्पीकरच्या थरथरणाऱ्या पडद्याभोवतीची कडा फोमची असेल तर दमट हवेत ती काही वर्षांत भुसभुशीत होऊन तुटते, रबराची टिकते. लाकडाच्या भुश्याच्या फळीची पेटी ओल धरून फुगते, म्हणून ती ओल्या भिंतीला टेकवू नये. पिना हिरव्या पडतात, त्या अधूनमधून काढून पुसाव्या.

आषाढात पत्र्याच्या छपराखाली आवाज चढवत बसण्यात अर्थ नाही. दुप्पट मोठा वाटावा म्हणून साधारण दहापट वॅट लागतात आणि पाऊस तरीही जिंकतो. त्या महिन्यांत हेडफोन बरा. आणि ऑक्टोबरात गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करू नका. पिन भिंतीतून काढा, आणि इंटरनेट तांब्याच्या वायरीनं येत असेल तर तीही.