टेबल टेनिस रॅकेट : ब्लेड व रबर यांची निवड

टेबल टेनिसच्या रॅकेटमधील मुठीसह असणाऱ्या लाकडी भागाला ब्लेड म्हणतात आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेल्या, बहुधा स्पंजाचा थर असलेल्या आवरणाला रबर म्हणतात. नियमित सराव करणारे खेळाडू हे भाग वेगवेगळे विकत घेतात व आपल्या खेळाला मानवतील असे जुळवतात. या जुळणीचा खरा निकष रॅकेटचा वेग हा नाही. खेळाडू कोणत्या फटक्यावर गुण मिळवतो आणि अडचणीत सापडल्यावर कोणत्या फटक्याचा आधार घेतो, हे आधी पाहावे लागते.

आवरण बदलले की खेळ किती बदलतो, हे जगाने मुंबईत पाहिले. येथे 1952 साली भरलेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत जपानच्या हिरोजी सातो याने जाड स्पंज लावलेली रॅकेट वापरून पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळवले. तोवर बहुतेक खेळाडू स्पंजाविना, बाहेर दाणे (रबराचे बारीक उंचवटे) असलेले साधे रबर वापरीत आणि चेंडूवर बसणाऱ्या फटक्याच्या आवाजावरून त्याच्या वेगाचा अंदाज बांधीत. सातोच्या रॅकेटचा आवाज जवळजवळ येतच नसे व चेंडू अनपेक्षित वेगाने परते. पुढे 1959 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने नुसत्या स्पंजाची रॅकेट अमान्य केली. स्पंजावर दाणेदार रबर बसवलेल्या जोडआवरणाला मात्र जाडीची मर्यादा घालून मान्यता दिली. आजची बहुतेक रबरे याच जोडआवरणाच्या जातीची आहेत.

प्रचलित नियमांनुसार ब्लेडचा आकार, आकारमान व वजन यांवर बंधन नाही; मात्र ते सपाट व ताठ असले पाहिजे आणि त्याच्या जाडीचा किमान 85 टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असला पाहिजे. कार्बनसारख्या तंतूंचा प्रत्येक थर एकूण जाडीच्या 7.5 टक्के किंवा 0.35 मिमी, यांपैकी जे कमी असेल त्याहून जाड चालत नाही. स्पंजासह रबराची जाडी सरसासकट 4 मिमीपर्यंत आणि स्पंजाविना दाणेदार रबराची 2 मिमीपर्यंत असू शकते. एक बाजू काळी व दुसरी तिच्याहून स्पष्ट वेगळ्या, उजळ रंगाची असणे आवश्यक आहे. दोन्ही बाजूंना एकाच रंगाची पण भिन्न गुणांची रबरे लावून, रॅकेट हातात फिरवत प्रतिस्पर्ध्याला चकवण्याचा प्रकार या नियमामुळे बंद झाला.

निवडीची सुरुवात ब्लेडपासून करणे शहाणपणाचे ठरते, कारण रबर झिजते व बदलावे लागते, तर चांगले ब्लेड अनेक वर्षे टिकते आणि हात त्यालाच सरावतो. पाच थरांचे, लिंबा किंवा कोटो या आफ्रिकी वृक्षांसारख्या लाकडाचा पृष्ठथर असलेले ब्लेड फटक्याच्या वेळी किंचित लवते. चेंडू रबरात क्षणभर अधिक रुततो आणि त्याला फिरकी देणे सोपे जाते. सात थरांचे ब्लेड सहसा अधिक भरीव असते व सपाट, जोरकस फटक्यांना साथ देते. जपानी पेनहोल्ड पद्धतीत (रॅकेट लेखणीसारखी धरण्याच्या) हिनोकी म्हणजे जपानी सायप्रसच्या लाकडाच्या एकाच जाड फळीचे ब्लेड वापरण्याची परंपरा आहे. तंतुथराच्या बाबतीत त्याची जागा महत्त्वाची असते. पृष्ठथराच्या लगेच खाली असलेला कार्बन हलक्या स्पर्शालाही उसळी देतो. गाभ्यालगतचा कार्बन हळुवार फटक्याला लाकडासारखा वाटतो व जोराच्या फटक्यालाच आपली ताकद दाखवतो. 2012 चा ऑलिंपिक विजेता झांग जिके पहिल्या प्रकारचे ब्लेड वापरी, तर 2016 व 2020 च्या ऑलिंपिकमध्ये एकेरीचे सुवर्ण जिंकणारा मा लाँग दुसऱ्या प्रकारचे. दोघेही फोरहँडला चिकट चिनी रबर लावणारे आक्रमक खेळाडू होते. म्हणून एकाच शैलीला एकच ब्लेड योग्य, असे म्हणता येत नाही.

आतल्या बाजूला दाणे व बाहेर गुळगुळीत पृष्ठ असलेले रबर सर्वाधिक वापरात आहे. त्यात पृष्ठाची पकड, स्पंजाचा कठीणपणा आणि स्पंजाची जाडी या तीन गोष्टी पाहाव्यात. चिनी घडणीच्या चिकट पृष्ठाला बहुधा कठीण स्पंजाची जोड असते. अशा रबराने सर्व्हिस व आखूड पुश (खालून फिरकी देऊन हलकेच ढकललेला चेंडू) उत्तम होतात आणि पूर्ण ताकदीने मारलेल्या लूपला (वरच्या दिशेने घासून मारलेल्या फिरकीच्या फटक्याला) भरपूर फिरकी मिळते. परंतु पाय व कंबर यांची साथ नसेल, तर चेंडू जाळीतच अडकतो. जपानी व जर्मन घडणीची ताणलेली रबरे चिकट नसतात, पण पकड घेतात आणि थोड्या हालचालीतही चेंडूला वेग देतात. त्यामुळे आखूड फटक्याच्या बॅकहँडला ती अधिक जुळतात. जाड स्पंज वेग वाढवतो, तर 1.5 ते 1.8 मिमीचा स्पंज ब्लॉक (आलेला फटका रॅकेट पुढे धरून अडवणे) व पुश यांवर ताबा देतो.

बाहेर आखूड दाणे असलेले रबर समोरून येणाऱ्या फिरकीला फारसे दाद देत नाही. टेबलाजवळ उभे राहून चेंडू वर येतानाच सपाट मारणाऱ्यांना ते मानवते. जपानची मिमा इतो बॅकहँडला असे रबर वापरते. लांब दाण्यांचे काम निराळे असते. ते चेंडूच्या आघाताने वाकतात, पृष्ठ चेंडूला धरून ठेवत नाही आणि आलेली फिरकी बरीचशी तशीच टिकून राहते. चेंडूची दिशा मात्र उलटलेली असल्यामुळे प्रतिस्पर्ध्याचा टॉपस्पिन (पुढे फिरणारी फिरकी) त्याच्याकडे बॅकस्पिन (उलटी फिरकी) होऊन परततो. 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत महिला एकेरीचे सुवर्ण जिंकणाऱ्या मनिका बत्रा हिच्या बॅकहँडला असेच रबर होते. ती टेबलाजवळून खेळते. याउलट 2003 च्या जागतिक स्पर्धेचा उपविजेता, कोरियाचा जू से-ह्युक लांब दाण्यांनी टेबलापासून दूर जाऊन चॉप करी (चेंडू वरून खाली कापल्यासारखा मारी) आणि संधी मिळताच फोरहँडने जोरदार लूप मारी. दूरून चॉप करणाऱ्याला मोठ्या पात्याचे (मुठीपुढच्या रुंद भागाचे), संथ ब्लेड आणि लांब दाण्यांखाली पातळ स्पंज लागतो. टेबलालगत ब्लॉक करणारे खेळाडू बऱ्याचदा स्पंज अजिबात ठेवत नाहीत.

नवशिक्यांच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक विजेत्यांची रॅकेट जशीच्या तशी घेण्याची होते, आणि तिची किंमत मुलांना वर्षानुवर्षे मोजावी लागते. अतिवेगवान रॅकेट हातात असली की चेंडू टेबलाबाहेर जाऊ नये म्हणून मूल फटका अर्ध्यावर आवरते व ती आखूड सवय पुढे सुटत नाही. पाच थरांचे पूर्ण लाकडी, मध्यम वेगाचे ब्लेड आणि दोन्ही बाजूंना 1.8 मिमीच्या आसपासच्या स्पंजाचे, मऊ किंवा मध्यम कठीण रबर ही जुळणी फटका पूर्ण मारायला शिकवते. खेळाची घडण दिसू लागल्यावर एका वेळी एकच घटक बदलावा, म्हणजे झालेला फरक कशामुळे पडला हे कळते. लांब दाणे फार लवकर हाती देऊ नयेत, कारण फिरकी ओळखणे आणि स्वतः फिरकी देणे हे गुळगुळीत रबरावरच शिकता येते.

वजनाचा विचार अनेकदा राहून जातो. साधारण 85 ते 90 ग्रॅमच्या ब्लेडवर जाड स्पंजाची दोन रबरे बसवली की रॅकेट 180 ग्रॅमच्या पुढे जाते आणि तिचा भार पात्याकडे झुकतो. मनगट लहान असणाऱ्याने हलके ब्लेड किंवा बॅकहँडला पातळ स्पंज निवडावा. मुंबई व कोकणातील पावसाळी हवेत रबराच्या पृष्ठावर ओलावा धरतो व चेंडू घसरतो. चिकट रबरांवर हे विशेष जाणवते. त्यामुळे प्रत्येक खेळानंतर पृष्ठ पुसून त्यावर संरक्षक पातळ पापुद्रा लावून ठेवतात. द्रावकयुक्त वेगवर्धक सरसावर 2008 पासून बंदी असल्याने रबर पाण्यावर आधारित सरसानेच चिकटवले जाते. जुने रबर सोलताना लाकडाचे तंतू निघू नयेत, यासाठी नव्या ब्लेडला आधी वॉर्निशचा एक अगदी पातळ हात देतात.